कापूस तुडवण्याचे दिवस

कापूस घरात नुसता ओतून चालत नाही, तो तुडवावा लागतो. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी दुधावर नाचायला सांगितलं. पण मोकळा टाकला तर एका गाडीचा कापूस अख्खी खोली खातो, आणि शेतात अजून वेचे बाकीच असतात. मग घरातल्या कुणीतरी पाय धुऊन आत शिरायचं, कापसाला हात लावून तो हात कपाळी लावायचा, कारण ती लक्ष्मी, आणि मग त्याच लक्ष्मीवर दणादणा उड्या मारायच्या. आमच्या दिग्रसच्या बाजूला तेव्हा हे घरोघर चालायचं. मी त्या उड्यांत काय कमावलं ते आता सांगायला हरकत नाही. ज्यांच्यासमोर लाजायचं ती माणसं गेली, आणि मी स्वतः लाजायचं कधीच सोडून दिलं आहे.

आमचा मुलूख मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी राळेगावाहून उठून दिग्रसजवळच्या एका खेड्यात गेले. मुलखाला नव्या घरी कसं वाटलं ते पुढाऱ्यांनाच ठाऊक. मी एकविशी ओलांडून गेले होते, म्हणजे त्या काळच्या हिशेबानं घोडीच. मॅट्रिकची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा गणितानं पाय ओढला, आणि त्या नादात लग्न लांबलं. बघायला आले तेव्हा ह्यांनी ताटलीतल्या चिवड्यामधले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले आणि उरलेला चिवडा नीट एका बाजूला सारून ठेवला. बाकीचे पाहुणे माझी उंची आणि माझा रंग मोजत होते, आणि हा माणूस शेंगदाणे शोधत होता. मला तो तिथेच आवडला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो घोळ झाला तो आवडीनिवडीचा नव्हता.

सासरचं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर. आमची खोली आणि सासूसासऱ्यांची खोली यांच्या मध्ये भिंत नव्हती, तट्टा होता. तट्टा म्हणजे बांबूच्या कामट्या विणून केलेला आडोसा, दोन्ही बाजूंनी शेणामातीनं लिंपलेला. दिसायला भिंतीसारखा, पण ऐकायला चाळणीसारखा. पलीकडे मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बिडी पेटवली की काडीचा आवाज माझ्या उशाशी यायचा. त्यांना इकडचं काय काय ऐकू जात असेल याचा विचार केला की मी पांघरूणसुद्धा जपून ओढायची.

मामाजींचं एक वेळ चालून गेलं असतं, ते झोपले की घोरायचे. भीती आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची होती. त्यांच्या कानांची गावात ख्याती होती. गोठ्यात वासरू दाव्याला अडकलं तर मामाजींच्या आधी त्या उठायच्या. चुलीवरचं दूध वर यायला लागलं की अंगणातून हाक द्यायच्या. आणि त्यांची एक सवय होती, ती पाहून मी बोलायचं ते विसरायची. तुम्ही काही बोलायला लागलात की त्या तोंड समोर ठेवत नसत. मान उजवीकडे वळवायच्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे बघायच्या. मी विचारलं, आत्याबाई, डाळीत मीठ किती घालू, तर मान वळवून, तिरपं बघून, थोडं थांबून उत्तर. जणू मी मीठ नव्हे, कपाटाची किल्ली मागितली. ही बाई आपल्याला पहिल्या दिवसापासून पाण्यात बघते, अशी माझी खात्री झाली होती.

अशा घरात बाज कुरकुरणारी होती, आणि माझ्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या काचेचा नवा चुडा. मी कूस बदलली की कासाराचं दुकान हललं असं वाटायचं. ह्यांनी हात पुढे केला की माझं सगळं अंग लाकूड व्हायचं. हात प्रेमाचा होता, हे मला कळत होतं. मला तो हवा होता, हेही कळत होतं. पण माझं मन काही त्या बाजेवर नसायचंच. ते उठून तट्ट्याला कान लावून बसायचं. पलीकडे खोकला आला का, बांगडी वाजली का, कुणी कूस वळलं का. मन तिकडे राखणीला बसलं की इकडे अंगाला कोण विचारतो. धनी परगावी गेलेल्या घरासारखं ते बंद.

आणि हे फक्त त्या एकाच बाबतीत होतं असं नाही. माहेरी मी खाण्यात पटाईत. माझी आई म्हणायची, हिला नवऱ्यापेक्षा वांगी जास्त आवडतील. सासरी वांगी रोज व्हायची, पण मला त्यांची चवच लागेना. बायका सगळ्यांच्या मागून जेवायच्या, आत्याबाई समोर बसायच्या, आणि मी घास किती मोठा घेते ते तिरप्या डोळ्यानं बघतात असं मला वाटायचं. भाकरी तोंडात जायची, गळ्यातून उतरायची, पण तिचं मला काही मिळायचं नाही. आंघोळीचं पाणी कढत असायचं, पण ऊब हाडांपर्यंत पोचायची नाही. गावात एक कीर्तनकार बुवा आले होते. त्यांनी सांगितलं, देह म्हणजे मातीचं मडकं, त्यातल्या सुखाला भुलू नका. मी मागे बसून मनात म्हणाले, बुवा, भुलायला आधी ते लागायला तर हवं.

ह्यांनी काही महिने वाट पाहिली. हे मुळात कमी बोलणारे. बैलाशी जितकं बोलायचे तितकंही माणसांशी नाही. मग एके दिवशी दुपारी आम्ही दोघं शेतात तुरीच्या बांधावर असताना, खाली बघत, मातीचं ढेकूळ पायानं फोडत म्हणाले, "मी पसंत नाई का तुले? नसन तं सांग. मी काई जबरदस्तीचा माणूस नाई."

मी काय सांगणार होते? तुमची आई तट्ट्यापलीकडे जागी असते आणि मला भीती वाटते, हे? नव्या सुनेनं नवऱ्याजवळ सासूची पहिली तक्रार करायची ती ही? मी नुसती मान हलवली, आणि मान अशी हलली की तिचा अर्थ हो पण होईल आणि नाही पण. हे बिचारे त्यातून जे समजायचं ते समजले. ज्वारीला रानडुकरं येतात असं निमित्त करून ते रात्री जागलीला, म्हणजे शेताच्या राखणीला, जायला लागले. डुकरं दरवर्षीच यायची, पण दरवर्षी मजूर जायचा. आता माझा नवरा शेतातल्या माळ्यावर झोपत होता आणि मी त्या कुरकुऱ्या बाजेवर एकटी. मला तेव्हा फार रडू यायचं, आणि तेही आवाज न करता रडावं लागायचं.

दिवाळीच्या सुमाराला कापूस फुटला. आमच्याकडे पहिल्या वेच्याआधी सीतादही करतात. शेतात दहीभात शिंपडायचा, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, हळदकुंकू लावायचं, आणि मग पहिलं बोंड तोडायचं. वेचणीला जवळच्या तांड्यावरच्या बंजारा बाया यायच्या. गाणी म्हणत, ओटीत कापूस भरत दुपारपर्यंत अर्धं शेत रिकामं करायच्या. दिवेलागणीच्या आधी वेचलेल्या कापसाचं वजन करून गाडी घरी यायची, आणि कापूस वरच्या खिडकीतून कापसाच्या खोलीत ओतला जायचा. ही खोली घराच्या टोकाला होती. तिला एक बुटकं दार आणि छपराजवळ ती खिडकी. आत दिवा न्यायला सक्त मनाई. कापसाला ठिणगी लागली तर घरासकट गाव जाईल, म्हणून मामाजी बिडीसुद्धा लांब कडुलिंबाखाली ओढायचे.

दरवर्षी तुडवायला दोन गडी लावायचे. त्या वर्षी आत्याबाईंनी ठरवलं की गडी नकोत. घरात दोन जवान माणसं बसून असताना परक्याला कायले बोलवायचं, असं त्या मामाजींना म्हणाल्या, आणि मान वळवून तिरप्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, झालं, आता हेही काम माझ्याच डोक्यावर.

मी पाय धुऊन, लुगडं खोचून बुटक्या दारातून आत शिरले. हे आधीच आत होते. खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता आणि तेवढ्यात सगळी खोली पांढरी दिसत होती. मी कापसाला नमस्कार केला आणि पाय ठेवला, तर पाय गुडघ्यापर्यंत आत. आणि आत ऊन होतं. दिवसभर शेतात बोंडांनी जे ऊन खाल्लं होतं ते सगळं त्या ढिगात भरलेलं. तळव्यांना मऊ लागत होतं, मध्येच एखादी सरकी टाचेला टोचून गुदगुल्या करत होती. मी दुसरा पाय टाकला तो आणखी खोल गेला. तोल गेला, मी हात पसरले, आणि तोंडावर आपटले. लागलं काहीच नाही. नाकात कापूस, केसांत कापूस, आणि मला हसू फुटलं.

त्या घरात मी तोवर हसले नव्हते. हसू फुटलं तशी मी घाबरून दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि दाराकडे बघितलं. कुणी आलं नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आवाज वेगळाच येतो आहे. माझं हसणं माझ्याजवळच राहत होतं. भिंतीवर आपटून परत येत नव्हतं, बाहेरही जात नव्हतं. चारी बाजूंनी कापूस ते पिऊन टाकत होता.

मला एकदम वेडेपणा सुचला. मी उठून उभी राहिले आणि जेवढा गळा होता तेवढा काढून ओरडले, "आत्याबाई, तुमची आमटी खारट होते."

हे दगडासारखे उभे राहिले. आम्ही दोघांनी श्वास धरून वाट पाहिली. बाहेर अंगणात आत्याबाई गाडीवाल्याशी काहीतरी बोलत होत्या, त्यांचा आवाज दूरच्या गावातून यावा तसा पुसट येत होता. त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. मग ह्यांनी, ज्यांच्या तोंडून मी महिन्याभरात दहा वाक्यं ऐकली नव्हती त्यांनी, छपराकडे तोंड करून ओरडून सांगितलं की बाबा, मले तुमची बैलगाडी नको, मोटार पाह्यजे. आणि हसायला लागले. हसताना ते हिचकी लागल्यासारखे हसायचे. मी माझ्या नवऱ्याचं हसणं पहिल्यांदा ऐकलं ते असं.

हसून हसून दोघंही कापसात बसलो. मग मी सांगितलं. तट्टा, बाज, चुडा, त्यांच्या आईचे कान, सगळं. कसं माझं मन तिकडे जाऊन बसतं आणि कसं अंग लाकूड होतं, तेही. मला बोलताना रडू आलं. त्यांनी माझ्या कपाळावरचा कापूस हळूच काढला.

"इतकंच होतं?" त्यांनी विचारलं.

"इतकंच," मी म्हटलं.

पुढचं सांगत नाही. लाजते म्हणून नव्हे. ज्याला माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याला माहीत नाही त्यानं एखाद्या वर्षी कापूस घरात भरून बघावा. एवढं मात्र सांगते, माझ्या अंगात काही नवं आलं नव्हतं. हात तेच, पाठ तीच, ह्यांची बोटंही तीच खरबरीत. फक्त माझं मन राखणीवरून उठून घरी आलं होतं, आणि आल्या आल्या त्यानं सगळी दारं आपली आपण उघडली. तळव्यांपासून सुरुवात झाली. मग मानेच्या मागची जागा, कानाची पाळी, जिथे आपल्याला काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं, ती सगळी ठिकाणं एकेक करून जागी होऊन बोलायला लागली. मला इतका आनंद झाला की मी परत ओरडून आमटीची तक्रार केली.

त्या हंगामात आमच्यासारखी कामसू जोडी पंचक्रोशीत नव्हती. गाडी आली रे आली की आम्ही पाय धुवायला धावायचो. पुढे पुढे गाडी आली नाही तरी धावायचो. दुपारी सगळे शेतात असले की ह्यांना आठवायचं की कोपऱ्यातला कापूस फुगला आहे. सकाळी मला वाटायचं की मधला भाग नीट बसला नाही. मामाजी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, आपल्या पोट्ट्यानं आन् सुनेनं कापूस असा दाबला का वरच्या खिडकीपर्यंत पोचायचा तो छातीपर्यंतच राह्यला. लोक येऊन बघून जायचे. माझ्या केसांत कापूस, ह्यांच्या भुवयांत कापूस, पण हंगामात सगळ्या गावाच्याच अंगावर कापूस असतो, त्यामुळे कुणी कुणाला विचारत नाही.

आणि गंमत अशी की सुख त्या खोलीत कोंडून राहिलं नाही. मला वांग्याची चव लागायला लागली. कढत पाणी पाठीवर घेतलं की मी आपोआप गुणगुणायला लागायची. ठेच्यानं नाकाला पाणी आलं तरी मजा वाटायची. बैलाची पाठ खाजवताना बैल डोळे मिटतो, त्याला काय वाटत असेल ते मला कळायला लागलं. मी अंगानं भरले. आत्याबाईंनी एकदा तिरपं बघत विचारलं, सासरचं पाणी मानवून राह्यलं वाटते? मी मान खाली घालून हो म्हटलं. त्या बुवांना जाऊन सांगावं असं फार वाटायचं, की महाराज, मडकं मडकं म्हणता, पण त्यात पाणी आहे की नाही ते कोण बघणार?

एकच गोष्ट लपवणं जड जात होतं, ती म्हणजे चुडा. तो रोज विरळ होत चालला. एक बांगडी जात्यावर फुटली, एक गाईनं शिंग मारलं तेव्हा, एक विहिरीच्या काठाला लागून. माझ्याजवळ प्रत्येक बांगडीची एक गोष्ट तयार असायची. तुकडे मात्र जात्याखाली कधी सापडले नाहीत.

संक्रांत गेली आणि गावातला कापूस बाजाराला निघाला. दिग्रसच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. तेव्हा माझे अबोल पतिदेव एकाएकी कापसाच्या भावाचे जाणकार झाले. सायकल मारत दिग्रसला जायचे, बाजारात कान टवकारून उभे राहायचे, आणि घरी येऊन सांगायचे की आता विकू नका, भाव अजून चढून राह्यला. मामाजींना केवढा आनंद. इतके दिवस पोरगा शेतीच्या हिशेबात लक्ष घालत नाही म्हणून ते कुरकुरत होते, आणि आता तोच बापाला थोपवत होता. लिंबाखाली बसून ते म्हणायचे, लग्न झाल्यापासून पोट्टा शहाणा झाला. खरं तेच होतं, फक्त त्यांना वाटत होतं त्या अर्थानं नव्हे. खोटं कशाला बोलू, भाव थोडा चढलाही.

पण होळी आली. होळीच्या आत कापूस घराबाहेर गेलाच पाहिजे, कारण त्या दिवशी गावभर आग असते आणि उडत्या ठिणगीला मालक नसतो. ह्यांनी आणखी आठवडाभर थांबा म्हटलं तेव्हा मामाजी पहिल्यांदा चिडले. घर जाळतं का, असं म्हणाले आणि गाड्या सांगून आले.

गाड्या भरायला लागल्या तेव्हा मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. माणसं टोपल्यांनी कापूस काढत होती. आधी खिडकीखालचा, मग मधला, मग तो कोपरा. मला आवरलं नाही. मी पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडले. शेजारच्या बायका आल्या आणि म्हणाल्या, सून असावी तर अशी, घरची लक्ष्मी चालली म्हणून कशी रडते बघा. मामाजींचे डोळेसुद्धा पाणावले. मी रडत होते ते भीतीनं. उद्यापासून परत तोच तट्टा, तीच बाज. मन परत उठून राखणीला बसणार, अंग परत लाकूड होणार, आणि ह्या वेळी कारण ठाऊक असलं तरी हे थांबतील किती दिवस? माणूस किती दिवस समजूत धरणार? ह्यांनी गाडीवर चढताना माझ्याकडे बघितलं, त्यांच्या तोंडावरही तेच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापलेक दिग्रसहून परत आले. मामाजी खुशीत होते. जेवायला बसल्यावर बाजाराची हकीकत सांगायला लागले. व्यापाऱ्याच्या माणसानं कापूस तपासायला गाडीत कोपरापर्यंत हात घातला, तर मूठभर हिरव्या बांगड्यांचे तुकडे बाहेर आले. दुसऱ्या गाडीतही तेच. तो हसून म्हणाला, पाटील, कापूस पेरला होता का बांगड्या? मामाजींनी त्याला सांगितलं की अरे, वेचणाऱ्या बायांच्या फुटल्या असतील, एवढं काय त्यात. आणि आम्हाला म्हणाले, पुढल्या वर्षी बायांना सांगा, वेचताना बांगड्या सांभाळा.

ह्यांचा घास हातातच राहिला. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं माझं झालं, मी दोन्ही मनगटं पदराखाली घेतली. कारण वेचायला येणाऱ्या बाया सगळ्या तांड्यावरच्या. त्यांच्या हातांत दंडापर्यंत पांढऱ्या जाड बांगड्या असतात, आपटल्या तरी फुटत नाहीत. हिरवी काच त्यांच्यातली एकही घालत नव्हती. मामाजींनी आयुष्यात बायांच्या कापसाकडे बघितलं होतं, हातांकडे नाही. आत्याबाई वाढत होत्या. त्यांचा पळीचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी ह्यांच्या पानात आमटी वाढली आणि म्हणाल्या, आमटी खारट तं नाई झाली आज?

म्हणजे कापसानं सगळंच पिऊन टाकलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर आत्याबाईंनी मला कापसाची खोली झाडायला बोलावलं. रिकामी खोली केवढी मोठी वाटत होती. झाडूचा आवाजसुद्धा चारी भिंतींवर आपटून परत येत होता. एका कोपऱ्यात त्यांनी टोपलंभर कापूस गादीसाठी म्हणून मागे ठेवला होता. मी खाली बसून भेगांतले हिरवे तुकडे वेचत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि आता ही बाई काय बोलेल याची वाट बघत होते. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. आमच्याकडे बायकासुद्धा मी येतो, मी जातो असंच बोलतात, त्याही तशाच बोलायच्या.

"कायले रडून राह्यली वं?" त्या म्हणाल्या. "कापूस काय, पुढल्या वर्षी परत येईन. इकडं पाह्य. मले ह्या उजव्या कानानं ऐकू येत नाई. लहानपणी ताप भरला, तवापासून. एका कानाची पोरगी कोण करून नेईन म्हणून मायनं लपवलं, मंग मीही लपवलं. तुह्या मामाजीलेही मालूम नाई. त्यायले वाटते मी मान वाकडी करून मिजास करतो."

ती वळलेली मान, तो तिरपा डोळा. त्या मला पाण्यात बघत नव्हत्या, चांगला कान माझ्याकडे करत होत्या. मी मीठ किती घालू विचारायची आणि ती बाई ते नीट ऐकू यावं म्हणून धडपडायची.

"आन् मी डाव्या कुशीवर निजतो," त्या पुढे म्हणाल्या, आता माझ्याकडे न बघता. "चांगला कान उशीत. तू ह्या घरात आली त्या दिसापासून."

ज्या कानाच्या भीतीनं मी इतके महिने लाकूड होऊन पडले, तो कान रात्रभर उशीत दाबलेला होता. मी ज्याची राखण करत होते तिथे चोरच नव्हता. मला हसू आणि रडू एकदमच आलं आणि दोन्हीचा आवाज रिकाम्या खोलीत घुमला. मी कसंबसं विचारलं, इतकं सगळं तुम्हाला कसं सुचलं?

आत्याबाईंनी हातातले काचेचे तुकडे पदराच्या टोकाला बांधले, म्हणजे मामाजींना दिसू नयेत. मग उठता उठता गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माह्या सासूचे दोन्ही कान धड होते, बाई."

त्या बाहेर गेल्या. मी उरलेले तुकडे वेचत राहिले. त्यांच्या लग्नाला तेव्हा तीस वर्षं झाली असतील. त्या तट्ट्याच्या अलीकडे त्या किती रात्री लाकूड होऊन पडल्या असतील, आणि त्यांना कुणी कापूस तुडवायला पाठवलं असेल का, हे विचारायची माझी हिंमत कधीच झाली नाही. मला त्या बाईबद्दल फार माया दाटून आली.

त्या संध्याकाळी हे लिंबाखाली उगीच रेंगाळत होते. मी आमच्या खोलीत कंदील लावला आणि त्यांना हाक मारली. कापसाच्या खोलीत दिवा न्यायचा नसतो, त्यामुळे हंगामभर मी ह्यांचा चेहरा जवळून दिव्याच्या उजेडात पाहिलाच नव्हता. ते आत आले, घाबरलेले, बघायला आले होते त्या दिवसासारखे, आणि त्यांच्या डाव्या भुवईत कापसाचा एक पुंजका अजून तसाच अडकला होता. मी तो काढला आणि हसले. मोठ्यानं, अगदी कापसात हसायची तशी. ह्यांनी दचकून तट्ट्याकडे बघितलं.

पलीकडे बाज कुरकुरली. आत्याबाई डाव्या कुशीवर वळल्या होत्या.